बीईटी अवॉर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून आला की कुठलं तरी गाणं, कुणाचं तरी भाषण, नाहीतर लाल गालिच्यावरचा एखादा अचाट पोशाख फोनवर फिरायला लागतो आणि मग ‘हे काय आहे?’ अशी विचारणा सुरू होते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. दोन प्रश्नांचं उत्तर एकच असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बीईटी अवॉर्ड्स म्हणजे नेमकं काय?

बीईटी म्हणजे ‘ब्लॅक एंटरटेनमेंट टेलिव्हिजन’ हे अमेरिकन चॅनल. संगीत, अभिनय आणि खेळ या क्षेत्रांत कृष्णवर्णीयांनी वर्षभरात केलेल्या कामगिरीचा गौरव हे चॅनल स्वतःच्या सोहळ्यात करतं आणि तो टीव्हीवरून थेट दाखवतं. पहिला सोहळा १९ जून २००१ रोजी लास व्हेगसच्या पॅरिस हॉटेलात झाला. स्टीव्ह हार्वी आणि सेड्रिक दि एंटरटेनर हे दोन विनोदवीर सूत्रसंचालक होते. दुसऱ्या वर्षापासून सोहळ्याने लॉस एंजेलिस गाठलं आणि तिथेच तो राहिला. आधी कोडॅक थिएटर, २००६ पासून श्राइन ऑडिटोरियम आणि २०१३ पासून आज ज्याला पीकॉक थिएटर म्हणतात ते. या थिएटरचं नावच दोन-तीनदा बदललंय, त्यामुळे जुन्या बातम्यांत नोकिया किंवा मायक्रोसॉफ्ट थिएटर असं वाचलंत तर जागा तीच समजा. ९ जून २०२५ चा सोहळा पंचविसावा होता.

२. म्हणजे ग्रॅमीसारखंच ना?

नाही. ग्रॅमी हा संगीत व्यवसायातल्या लोकांच्या अकादमीचा पुरस्कार आहे, आणि तिथे शास्त्रीय, कंट्री, रॉक, जॅझ असं सगळं येतं. बीईटीचा सोहळा एका चॅनलचा आहे. भर रॅप, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) आणि गॉस्पेल या चर्चमधल्या भक्तिसंगीतावर, पण सोबत सर्वोत्तम अभिनेता, अभिनेत्री, चित्रपट, खेळाडू आणि लहान वयाच्या कलाकारांसाठीचा पुरस्कारही आहे. २०१८ साली ‘ब्लॅक पँथर’ सर्वोत्तम चित्रपट ठरला आणि चॅडविक बोसमन सर्वोत्तम अभिनेता. म्हणून ऑस्कर, ग्रॅमी आणि खेळांचे पुरस्कार यांचे तुकडे एका संध्याकाळी एकत्र आले, असं म्हटलं तर जास्त जवळ जाईल. प्रतिष्ठेच्या बाजारात मात्र ग्रॅमीचा भाव अजून वरचा आहे, हे कबूल करायला हवं.

३. फक्त कृष्णवर्णीयांसाठी वेगळे पुरस्कार कशाला? हाच उलटा भेदभाव नाही का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा थोड्या रागानेच विचारलेला. म्हणून जरा सविस्तर.

बीईटी १९८० साली सुरू झालं तेव्हा अमेरिकन टीव्हीवर कृष्णवर्णीयांना जागा किती होती ते आधी बघा. रॉबर्ट जॉन्सन यांनी १५ हजार डॉलरचं कर्ज काढलं, केबल व्यवसायातले जॉन मलोन यांचं भांडवल घेतलं, आणि चॅनल सुरू झालं ते आठवड्यातून दोन तासांपुरतं, तेही दुसऱ्याच्या वाहिनीवर जागा घेऊन. पुढच्याच वर्षी एमटीव्ही हे संगीताचं चॅनल आलं. सुरुवातीच्या काळात कृष्णवर्णीय गायकांचे व्हिडिओ तिथे इतके कमी दिसायचे, की १९८३ साली ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्याच मुलाखतीत त्यांच्याच निवेदकाला त्यावरून धारेवर धरलं होतं. रॅपसाठी पहिली ग्रॅमी १९८९ मध्ये दिली गेली, पण ती टीव्हीवर न दाखवता, म्हणून काही कलाकारांनी सोहळ्यावरच बहिष्कार टाकला. ऑस्करमध्ये २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना गेली. थोडक्यात, आधी दार बंद होतं, मग वेगळं घर बांधलं गेलं. क्रम असा आहे.

आपल्याकडे हा वाद नवीन नाही. १९५८ साली दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णा भाऊ साठे उद्घाटक होते, आणि ‘वेगळं संमेलन कशाला?’ हा सवाल तेव्हापासून आजतागायत चालू आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलं होतं. तेव्हा मराठी वाचकाला तरी हा युक्तिवाद परका वाटू नये.

बीईटीच्याच मंचावर २०१९ मध्ये चित्रपट निर्माते टायलर पेरी यांनी या प्रश्नाचं सर्वांत रोखठोक उत्तर दिलं. बाकीचे लोक ऑस्करवाल्यांच्या टेबलावर एक खुर्ची मिळावी म्हणून भांडत होते, तेव्हा मी अटलांटात माझं स्वतःचं टेबल बांधत होतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. त्यांचा स्टुडिओ जुन्या लष्करी तळावर उभा आहे. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणारे सैनिक ज्या जमिनीवर बेत आखत होते, ती आज एका काळ्या माणसाच्या मालकीची आहे, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

४. गाण्याच्या कार्यक्रमात खेळाडू कशाला?

कारण हा गाण्याचा कार्यक्रम नाही (प्रश्न २). अमेरिकेत कृष्णवर्णीयांना राष्ट्रीय पातळीवर नाव कमावण्याची वाट जिथे लवकर खुली झाली अशी दोनच क्षेत्रं, रंगमंच आणि मैदान. दोन्हीकडच्या माणसांना एकाच खोलीत बसवायचं ही कल्पना त्यातूनच आलेली. वर्षाचा सर्वोत्तम पुरुष खेळाडू आणि महिला खेळाडू असे दोन पुरस्कार असतात. लेब्रॉन जेम्स आणि सेरेना विल्यम्स यांनी ते वारंवार नेले. नंतर नाओमी ओसाका, सिमोन बाइल्स, स्टीफन करी, एंजल रीस, जेलन हर्ट्स. खरं सांगायचं तर सोहळ्यात खेळाडूंना मिळणारा वेळ तुटपुंजा असतो. फक्त खेळच बघायचे असतील तर ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या पुरस्कारांकडे वळा.

५. विजेते कोण ठरवतं? प्रेक्षकांची मतं चालतात का?

नामांकनं आणि बहुतेक विजेते बीईटीचं स्वतःचं मतदार मंडळ ठरवतं. त्यात संगीत आणि मनोरंजन व्यवसायातली माणसं, पत्रकार वगैरे असतात. ‘व्ह्यूअर्स चॉइस’ हा पुरस्कार मात्र प्रेक्षकांच्या मतांवर. सर्वाधिक पुरस्कारांचा विक्रम बियॉन्सेच्या नावावर आहे, आकडा तिशीच्या पुढे गेला आहे. त्यावरून ‘सगळं तिलाच देतात’ अशी कुरकुर दरवर्षी होते. पण ग्रॅमीने वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार तिला पहिल्यांदा दिला तो २०२५ मध्ये, आणि बीईटीने २०१७ मध्येच दिला होता. कुरकुरीला हेच उत्तर पुरेसं आहे.

६. गोऱ्या कलाकाराला हा पुरस्कार मिळू शकतो का?

हो. कातडीचा रंग ही अट नाही. ज्या संगीताचा गौरव होतो ते कृष्णवर्णीयांच्या परंपरेतलं असतं, गाणारा कुणीही असू शकतो. २०१५ साली सर्वोत्तम नवोदित कलाकाराचा पुरस्कार ब्रिटनच्या सॅम स्मिथ यांना मिळाला. २०२२ मध्ये केंटकीचा गोरा रॅपर जॅक हार्लो सर्वोत्तम पुरुष रॅपरच्या नामांकनात होता. अशी नावं आली की ‘इथेही तेच?’ म्हणून नाराजी उमटते, आणि ती नाराजी समजण्यासारखी आहे. पुढचा प्रश्न त्याच नाराजीतून आलेला.

७. लिल नास एक्सला नामांकन नव्हतं आणि जॅक हार्लोला होतं, हे खरं?

खरं. २०२२ मध्ये रॅपर लिल नास एक्सचं नाव एकाही विभागात नव्हतं, आणि आपण समलिंगी असल्यामुळे हे झालं असं त्याने उघड म्हटलं. चॅनलला शिव्या घालणारं गाणंही काढलं. बीईटीचं उत्तर असं की २०२० मध्ये आम्ही त्याला नामांकन दिलं होतं, दोनदा मंचही दिला होता. ते खरंच आहे. २०२१ मध्ये त्याने याच मंचावर गाणं संपवताना सहनर्तक पुरुषाचं चुंबन घेतलं होतं आणि ते थेट प्रक्षेपित झालं होतं. हार्लो मात्र २०२२ च्या लाल गालिच्यावर लिल नास एक्सचा फोटो छापलेला टी-शर्ट घालून आला. माझं मत विचाराल तर चॅनलचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होतं आणि तरीही गुळमुळीत.

८. तीन-साडेतीन तासांच्या कार्यक्रमात पुरस्कार मोजकेच दिसतात. बाकीचे कुठे जातात?

बरेचसे पुरस्कार थेट कार्यक्रमाबाहेर जाहीर होतात. मुख्य वेळ गाणी, नृत्य, श्रद्धांजली आणि भाषणांना. ‘कुणाला काय मिळालं’ एवढंच हवं असेल तर दुसऱ्या दिवशीची यादी वाचा, रात्र घालवू नका. हा सोहळा घरच्या कार्यासारखा आहे. अहेर कुणी काय दिला हे नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही, कोण आलं होतं आणि कोण रडलं ते राहतं.

९. जीवनगौरव, मानवतावादी कार्याचा पुरस्कार आणि ‘अल्टिमेट आयकॉन’ यांत फरक काय?

जीवनगौरव मुख्यतः संगीतातल्या प्रदीर्घ कारकिर्दीसाठी. पहिल्याच वर्षी तो व्हिटनी ह्यूस्टनला मिळाला. पुढे जेम्स ब्राउन, डायना रॉस, प्रिन्स, लायनेल रिची, मेरी जे. ब्लाइज, क्वीन लतिफा, अशर अशी रांग आहे. मानवतावादी पुरस्कार समाजासाठी केलेल्या कामाचा. ‘अल्टिमेट आयकॉन’ ज्याचा ठसा एकाच क्षेत्रापुरता नाही अशांना. २०२५ मध्ये मराया कॅरी, स्नूप डॉग, जेमी फॉक्स आणि गॉस्पेलचे कर्क फ्रँकलिन अशा चौघांना एकदमच दिला. एका वर्षी चार ‘अल्टिमेट’ जरा जास्तच झाले.

१०. मायकल जॅक्सन आणि जेम्स ब्राउन यांची ती क्लिप कोणत्या वर्षीची?

२००३, कोडॅक थिएटर. ती नीट समजायला एक गोष्ट ठाऊक हवी. जेम्स ब्राउन यांच्या कार्यक्रमाचा शेवट वर्षानुवर्षं ठरलेला असायचा. गाता गाता ते थकून गुडघ्यांवर कोसळायचे, सहकारी येऊन त्यांच्या खांद्यावर झूल टाकायचा, हळूच उठवून बाहेर न्यायला लागायचा, आणि ते झूल झटकून पुन्हा माइककडे धावायचे. त्या रात्री झूल घेऊन आला तो मायकल जॅक्सन, कुठलीही घोषणा न करता. सभागृह आधी गोंधळलं आणि मग उसळलं. ज्यांचं पदलालित्य पाहून तो लहानपणी नाचायला शिकला, त्यांच्या खांद्यावर त्याने झूल टाकली, थोडा नाचला आणि जीवनगौरवही त्यानेच दिला. ब्राउन २००६ मध्ये गेले, मायकल २००९ मध्ये.

११. मायकल जॅक्सन गेला त्याच आठवड्यात सोहळा होता. तो कसा पार पाडला?

मायकल २५ जून २००९ रोजी, गुरुवारी गेला. सोहळा रविवारी, २८ जूनला. कित्येक महिन्यांची तयारी बाजूला ठेवून तीन दिवसांत कार्यक्रम नव्याने रचला गेला. न्यू एडिशन या गटाने जॅक्सन फाइव्ह या मायकलच्या लहानपणच्या गटाच्या गाण्यांनी सुरुवात केली, सूत्रसंचालक जेमी फॉक्स रात्रभर मायकलच्या शैलीतले कपडे बदलत राहिला. फॉक्सचं एक वाक्य तेव्हा गाजलं. मायकल आपला होता, आपण तो बाकीच्यांना वाटून दिला, अशा अर्थाचं. शेवटाकडे जॅनेट जॅक्सन आली आणि दोन-चार वाक्यांतच बोलली. तुमच्यासाठी तो आयकॉन, आमच्यासाठी घरातला माणूस, एवढंच तिचं म्हणणं होतं. अमेरिकेत एक कोटीहून अधिक लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. घाईत केलेलं काम अनेक ठिकाणी उघडं पडतं, काही गाणी विस्कळीत आहेत, तरी त्या रात्रीला तोड नाही.

१२. जेसी विल्यम्सच्या भाषणावरून एवढा गदारोळ का झाला?

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ मालिकेतला हा अभिनेता. २०१६ मध्ये मानवतावादी पुरस्कार स्वीकारताना त्याने आभार दोन वाक्यांत उरकले आणि मग पोलिसांकडून होणाऱ्या हत्यांवर, आणि कृष्णवर्णीयांची संस्कृती उचलून माणसांना फेकून देण्याच्या वृत्तीवर तो बोलला. क्लीव्हलंडमध्ये २०१४ साली पोलिसाच्या गोळीने मेलेला तामिर राइस हा मुलगा जिवंत असता तर काल चौदा वर्षांचा झाला असता, हेही त्याने सांगितलं. सभागृह उभं राहिलं. त्याला मालिकेतून काढा म्हणून ऑनलाइन अर्ज निघाला, आणि त्याच्या बाजूनेही निघाले. मालिकेतून कुणी काढलं नाही. त्याच रात्री, एप्रिलमध्ये गेलेल्या प्रिन्सला आदरांजली होती, आणि एकाच गाण्यात उरकण्याऐवजी ती कार्यक्रमभर पेरलेली होती. ही मांडणी मला आजही सर्वांत चांगली वाटते.

१३. आफ्रिकेतल्या कलाकारांनाही पुरस्कार असतो म्हणे?

असतो, आणि त्याची कथा फारशी गोड नाही. २०१० मध्ये सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय कलाकाराचा विभाग सुरू झाला. पुढच्या वर्षी त्याचे आफ्रिका आणि ब्रिटन असे दोन भाग केले. पण नायजेरियातल्या लागोसहून, घानातल्या आक्राहून आलेल्या विजेत्यांना पुरस्कार मुख्य कार्यक्रमाआधीच, रिकाम्या खुर्च्यांसमोर दिला जायचा. आम्हाला बोलावता कशाला मग, असं तिथले कलाकार उघडपणे म्हणू लागले. आपल्या वेगळ्या घराचा अभिमान बाळगणाऱ्यांनी दूरच्या भावंडांना पडवीत बसवलं होतं, हे त्यातलं खरं दुखणं. २०१८ मध्ये विभाग पुन्हा एक झाला आणि नायजेरियाच्या डेव्हिडोने मुख्य मंचावर पुरस्कार घेतला.

२०१९ मध्ये नायजेरियाचाच गायक बर्ना बॉय जिंकला आणि त्याच्या वतीने आई बोस ओगुलू मंचावर आल्या. इथे बसलेल्या प्रत्येक काळ्या माणसाने लक्षात ठेवावं, की तुम्ही दुसरं काहीही होण्याआधी आफ्रिकन होतात, असं त्यांनी सांगितलं. शिक्षिकेने वर्गाला सांगावं त्या सुरात, आणि खाली उतरल्या. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टायलाने आंतरराष्ट्रीय विभागासोबत सर्वोत्तम नवोदितही नेला, तेव्हा पडवीचा काळ मागे पडला असं म्हणायला हरकत नाही.

१४. चुकीच्या विजेत्याचं नाव जाहीर झालं होतं का कधी?

२०११ मध्ये, व्ह्यूअर्स चॉइसच्या वेळी. नाव जाहीर करायला एका चाहतीला मंचावर बोलावलं होतं. तिने आधी क्रिस ब्राउनचं नाव घेतलं, मग रिहानाचं. रिहाना हजर नव्हती, म्हणून तिच्या गाण्यातला जोडीदार ड्रेक गोंधळलेल्या चेहऱ्याने पुरस्कार घेऊन गेला. थोड्या वेळाने खुलासा झाला की विजेता क्रिस ब्राउनच. चूक आयोजकांची होती आणि टोमणे त्या बिचारीला खावे लागले.

१५. २०२४ मध्ये अशरचं भाषण मध्येमध्ये बंद का पडत होतं? सेन्सॉर केलं का?

थेट प्रक्षेपणात शिव्या गाळण्यासाठी आवाज बंद करतात, ते नेहमीचंच. पण जीवनगौरव स्वीकारताना अशरचं बोलणं इतक्या लांब तुकड्यांत गायब झालं की घरी बसलेल्यांना अर्धं कळलंच नाही. ध्वनियंत्रणेतला बिघाड होता असं सांगून बीईटीने माफी मागितली.

१६. मेलेल्या माणसाला पुरस्कार देतात का?

देतात. लॉस एंजेलिसचा रॅपर निप्सी हसल ३१ मार्च २०१९ रोजी स्वतःच्याच दुकानासमोर गोळीबारात मारला गेला. त्याच जूनमध्ये त्याला सर्वोत्तम पुरुष रॅपर आणि मानवतावादी कार्य, असे दोन्ही पुरस्कार मिळाले. सोहळा त्याच्याच शहरात होता.

१७. कोविडच्या वर्षी आणि हॉलिवूडच्या लेखकांच्या संपाच्या वर्षी सोहळा झाला का?

दोन्ही वेळा झाला. २०२० मध्ये प्रेक्षकांविना, ठिकठिकाणी चित्रित केलेल्या तुकड्यांतून, आणि पहिल्यांदाच सीबीएस या मोठ्या वाहिनीवरही. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येला जेमतेम महिना झाला होता, त्यामुळे त्या वर्षीची गाणी बरीचशी मोर्च्यातली वाटतात. २०२३ मध्ये संपामुळे सूत्रसंचालकच ठेवला नाही. हिप-हॉपला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या-नव्या रॅपरांची रीघ लावली होती, त्यामुळे उणीव फारशी जाणवली नाही.

१८. बीईटी हिप-हॉप अवॉर्ड्स, सोल ट्रेन, एनएएसीपी इमेज अवॉर्ड्स हे सगळे एकच का?

नाहीत. पहिले दोन बीईटीच्याच घरचे. हिप-हॉपचे २००६ पासून, सोल ट्रेनचे मूळचे १९८७ चे, बीईटीकडे नंतर आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही थांबवल्याचं जाहीर झालं. इमेज अवॉर्ड्स मात्र १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे, १९६७ पासूनचे. त्यात साहित्यालाही जागा आहे.

१९. हे चॅनल अजून कृष्णवर्णीय मालकाचंच आहे का?

नाही, आणि बरेच वाचक इथे चकित होतात. १९९१ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदवलेली, कृष्णवर्णीयांच्या ताब्यातली पहिली कंपनी म्हणून बीईटीचं कौतुक झालं होतं. पण संस्थापक जॉन्सन यांनी ती जवळपास ३ अब्ज डॉलरला व्हायाकॉम या बड्या माध्यम कंपनीला विकली आणि ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय अब्जाधीश झाले. म्हणजे हा पुरस्कार सोहळा सुरू झाला तोच विक्री झाल्यावर. व्हायाकॉमचं पुढे पॅरामाउंट झालं. २०२३ मध्ये बीईटीतला मोठा हिस्सा विकायला काढला होता, टायलर पेरींसह काहींनी रस दाखवला, पण पॅरामाउंटने बेत गुंडाळला. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅरामाउंटच स्कायडान्समध्ये विलीन झालं. प्रश्न ३ मधलं ‘वेगळं घर’ उभं आहे, मात्र सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. मंचावरची भाषणं ऐकताना हे ध्यानात असू द्या.

२०. भारतातून कधी आणि कसं बघायचं?

तारीख बहुधा जूनमधली, पण दरवर्षी वेगळी. २००९ पासून बरीच वर्षं रविवार असायचा, २०२५ मध्ये सोमवार होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. एवढ्यासाठी गजर लावू नका. गाणी आणि महत्त्वाची भाषणं बीईटीच्या यूट्यूब वाहिनीवर येतात. नवखे असाल तर २००३ ची झूल (प्रश्न १०), मग २०१६ चं भाषण, मग बर्ना बॉयची आई, या क्रमाने बघा. २००९ सवडीने, अख्खा. लाल गालिचा वगळलात तरी चालेल.